भोकाचे पैसे

तळोज्याच्या कारखान्यानं माझ्या नवऱ्याला घरी बसवलं आणि आमच्या नेरुळच्या फ्लॅटमध्ये तांब्याची जुनी नाणी यायला लागली. भंगारवाल्यांकडून तो ती किलोनं उचलायचा. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघं निवडायला बसायचो. चांगली नाणी मोबाईलवरून हौशी लोकांना विकायची, झिजलेली परत तांब्याच्या भावात. फार नाही, पण काहीतरी सुटायचं.

एकदा जवळच्याच, खाडीकाठच्या सारसोळे गावचे एक आजोबा आमचा पत्ता विचारत आले. उजवा हात लकव्यानं लुळा पडलेला, डाव्या खांद्यावर गोणी. गोणीतून त्यांनी खाडीत फेकायचं गोल जाळं काढलं. पाग म्हणतात त्याला. जाळं बुडावं म्हणून कडेला शिसं लावतात. याला मात्र गोल भोक असलेले जुने पैसे बांधले होते, एकाला एक लागून.

“नवे पैसे आले तवा हे बाजारात चालनात,” आजोबा म्हणाले. “शिसं घ्यायची ऐपत नव्हती. माज्या आयनं हेच बांधले. आता माजा हात चालत नाय. घ्या तुमी.”

भोकाच्या पैशाला गिऱ्हाईक असतं. नवरा खूश होऊन कातर घेऊन बसला.

“कातर नको, दादा. गाठी सोडा.”

“आजोबा, दिवस जाईल त्यात.”

“जाऊ दे. मी हाय बसलेला.”

मग मीही बसले. मिठानं दोरा कडक झालेला, सुई घालून एकेक गाठ ढिली करावी लागत होती. आजोबा डाव्या हातानं जाळं धरून बघत होते. मधेच म्हणाले, “बाय, ही आयची नाय. ही माज्या बायकोची. ती दोनदा पीळ द्यायची.” बायको कधी गेली ते मी विचारलं नाही. पण त्यानंतर दुहेरी पिळाची गाठ लागली की मी त्यांना दाखवायची आणि ते मान हलवायचे. चहा समोर तसाच निवला.

सगळी नाणी परातीत पडली तेव्हा नवऱ्यानं दोन-चार घासून पाहिली. त्याचा चेहरा उतरला. खाऱ्या पाण्यानं ती पार खाल्ली होती. अक्षर धड वाचता येत नव्हतं.

“आजोबा, खोटं कशाला बोलू? ही कुणी जमवायला घेणार नाही. तांब्याचाच भाव येईल.”

“म्हंजे वितलवनार?”

“बहुतेक.”

आजोबांनी डावा हात परातीतल्या नाण्यांवरून फिरवला. आमच्या मनात आलं, आता परत नेतील. पण ते म्हणाले, “करा वजन.” पैसे न मोजता त्यांनी खिशात घातले. जाळ्याची त्यांना एका हातानं घडी घालता येईना, म्हणून नवरा ते उचलून त्यांच्यासोबत घरापर्यंत गेला.

नाणी वितळली नाहीत. वाशीला दागिने बनवणारी एक मुलगी आमच्याकडून अधूनमधून माल घ्यायची. तिला तो हिरवट, खाल्लेला रंगच आवडला. आम्ही दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट देऊन तिनं सगळी नाणी उचलली. आमच्या धंद्यातला तो सगळ्यात मोठा नफा.

नवरा अर्धे पैसे घेऊन सारसोळ्याला गेला. संध्याकाळी परत आला. जेवताना मी विचारलं, “घेतले का आजोबांनी?”

“घेतले. न बघताच सुनेच्या हातात दिले. मी सांगितलं, पोरी गळ्यात घालणार आहेत. तर म्हणाले, बरं झालं. मग मला जेट्टीवर घेऊन गेले.”

“काय बोलले?”

“काही नाही. बसलो नुसते. भरती होती.”

दुसऱ्या दिवशी त्यानं एका सोसायटीत सिक्युरिटीचं काम धरलं. नाण्यांना पुन्हा हात लावला नाही. मी कधी विषय काढला तर म्हणायचा, “तुला करायचं तर कर, मला नको.”

मी करते. घराला लागतं. पण घरोघरची नाणी घेत नाही. फोन आला तर चक्क नाही म्हणते. भंगारवाल्याकडून किलोनंच आणते. तिथं नाण्यांबरोबर कुणी येत नाही.