मामांचा जपानी माल

माझ्या मामेसासऱ्यांनी जगातली कुठलीही वस्तू नुसतीच बघून सोडून दिली, असं आजवर झालेलं नाही. बघायचं म्हणजे मोजायचं आणि मोजलं की घरी करून पाहायचं, असा त्यांच्या डोळ्यांचा आणि हातांचा परस्पर करार आहे. मधे डोक्याला कुणी विचारत नाही. चाळीस वर्षं त्यांनी उद्यमनगरात पॅटर्न मेकरचं काम केलं. पॅटर्न म्हणजे ओतकामासाठी लागणारा लाकडी साचा. कुणीतरी गंजलेला, निम्मा हरवलेला सुटा भाग पिशवीतून घेऊन यायचं, आणि मामा तो उलटासुलटा करून आठवड्यात असा साचा द्यायचे की मूळ भाग करणाऱ्या परदेशी कारखान्यालाही आपलं कुठं चुकलं ते कळावं. "माणसानंच केलंय न्हवं? मग माणसाला जमतंय की," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. लोकांच्या खिशाला पेन असतं, मामांच्या खिशाला व्हर्निअर असतो, म्हणजे केसाएवढा फरक दाखवणारी ती जबड्याची मोजपट्टी. हातकणंगल्याच्या एका लग्नात त्यांनी पंगतीत बसल्या बसल्या जिलब्यांची मापं घेतली आणि आचाऱ्याला बोलावून, दोन जिलब्यांत तीन मिलिमीटरचा फरक पडतोय, हात थरथरतोय का, अशी अत्यंत आपुलकीनं चौकशी केली. मामींसाठी हुपरीहून हौसेनं आणलेले पैंजण महिनाभर मामांच्याच टेबलावर पडून होते. त्यांच्या अडकवायच्या फाशाची सागवानी प्रत मनासारखी उतरली, तेव्हा कुठं ते मामींच्या पायात गेले.

या घरचा मी जावई. पुण्यात दोन वर्षं शिकलो, एवढ्या भांडवलावर मी बाहेरच्या जगातला जाणकार समजला जायचो. समजूत मुळात माझीच होती, पण मी ती घरभर पसरवण्यात यश मिळवलं होतं.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. मामी मोठ्या दुखण्यातून उठल्या, पण औषधांनी तोंडाची चव गेली ती परत येईना. दुसऱ्याच्या घरची आमटी नुसती हुंगून त्यातला मसाला कुठल्या दिवाळीचा आहे हे सांगणारी ही बाई आता पुढ्यात काहीही ठेवलं तरी दोन घास खायची, "चांगलं हाय" म्हणायची आणि ताट सरकवायची. या दोन शब्दांची मामांनी धास्ती घेतली होती. दर आठवड्याला मामींचं वजन उतरत होतं, आणि आता औषधानं काही होणार नाही, पोटात अन्न जायला हवं, असं डॉक्टरांनी मामांना बाहेर बोलावून सांगितलं होतं.

तपासणीला पुण्याला जायचं होतं, तेव्हा जाणकार म्हणून मी बरोबर गेलो. दुपारी मी दोघांना एका चायनीज हॉटेलात नेलं. ते जपानी आहे हे मला आत टेकल्यावर, भिंतीवरची चित्रं बघून कळलं. आपलं आधीपासून जपानीच ठरलं होतं, असा चेहरा मी केला. मेनूतलं एकही नाव उच्चारायची हिंमत होईना, म्हणून फोटोवर बोट ठेवलं. तीन वाडगे आले. तपकिरी, पातळ रश्शात पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत, जाडजूड शेवया. मामींनी एक घोट घेतला आणि थांबल्या. पुन्हा एक घेतला. "ह्यात कायतरी लागतंय," म्हणाल्या, आणि खाली मान घालून त्यांनी तो वाडगा तळापर्यंत संपवला.

मामा त्यांच्याकडं बघतच राहिले होते. मग त्यांनी आपल्या वाडग्यातली एक शेवई बाहेर काढली, तिला व्हर्निअर लावला, साडेचार मिलिमीटर असं पुटपुटले आणि ती गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवली. "पावणं, ही कशाची असती?" त्यांनी मला विचारलं. वेटर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला विचारलं असतं तर त्यानं आनंदानं सांगितलं असतं. मी म्हणालो, "तांदळाची. जपानात गहू पिकतच नाही."

या एका वाक्यापायी दोन आठवडे आणि पाच किलो आंबेमोहोर कामी आला. मामांनी शेवयांच्या सोऱ्यासाठी पितळेची नवी चकती घडवली. आता लोखंडाचा रस थंड होताना आकसतो, म्हणून साचा नेहमी मापापेक्षा थोडा मोठा धरायचा, हे मामांच्या रक्तात भिनलेलं. त्यांनी शेवईलाही तीच सूट दिली. शेवया उकळत्या पाण्यात पडल्या, आकसायच्या सोडून फुगल्या, अंगठ्याएवढ्या झाल्या आणि शेवटी फुटून त्यांची खीर झाली. असं चारदा झालं. चारही वेळा मामींनी दोन चमचे खाल्ले आणि "चांगलं हाय" म्हणाल्या. चौथ्या वेळी मामा बाहेर पायरीवर जाऊन बसले. चाळीस वर्षांत त्यांचा माल परत आला नव्हता.

शेवटी मामींनीच ती डबी मागून घेतली. वाळून काडी झालेली शेवई त्यांनी वाटीभर कोमट पाण्यात भिजत घातली, मग दोन बोटांत धरून हळूच ताणली. जिभेचं काही चालत नव्हतं, पण बोटं शाबूत होती.

"गहू हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "तांदूळ तुटतोय. ह्यो ताणतोय. आणि मळलाय चिक्कार."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, हल्ली तिकडं पिकायला लागला असेल.

प्रायश्चित्त म्हणून मी इंटरनेट कॅफेत तासभर बसलो आणि माहिती छापून आणली. नाव निघालं उदोन. गव्हाचा मैदा, मीठ, पाणी, बाकी काही नाही; मात्र पीठ अगदी कमी पाण्यात, भुरभुरीत भिजवायचं आणि पायानं तुडवायचं. हे वाचल्यावर मामांचा चेहरा उजळला. ओतकामाची माती अशीच ओलसर भुरभुरीत करतात आणि तुडवून बसवतात. "ही तर आपलीच लाइन निघाली," असं म्हणून त्यांनी परातीतलं पीठ मुठीत दाबलं, मधोमध मोडून बघितलं, आणि माती पास करावी तसं पास केलं. आता तुडवणार कोण? मामांचं वजन अठ्ठेचाळीस किलो, माझं चौऱ्याऐंशी. जावई म्हणून माझा खराखुरा उपयोग झालेला तो पहिलाच प्रसंग. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या पिठावर मी भिंतीला धरून तुडवत होतो, मामा घड्याळ लावून उभे होते, आणि कॉटवरून मामींचा आवाज आला, की आवं, जावयाला पिठावर काय नाचवताय, पाय तरी धुतल्यात का त्यांनी. दोनदा धुतले होते. उतरून तिसऱ्यांदा धुतले.

रश्शाचा वास सुक्या मासळीचा होता, हे मामांच्या नाकानं पुण्यातच नोंदवलं होतं. गगनबावड्याचा घाट चढून बाजाराला येणाऱ्या एका बाईंकडून त्यांनी सुकट आणली, कोपऱ्यावरच्या मंचुरियनच्या गाड्यावरून वाटीभर सोया सॉस आणला आणि दोन्हींचं पाणी उकळायला ठेवलं. गल्लीतली झाडून सगळी मांजरं दारात रांग धरून बसली. शेवया मात्र या खेपेला त्यांनी मापापेक्षा बारीक कापल्या. आयुष्यात पहिल्यांदा उलटी सूट देताना त्यांचा हात क्षणभर अडखळलेला मी पाहिला. उकळून निघालेल्या शेवईला व्हर्निअर लावला. बरोबर साडेचार.

वाडगा मामांनी स्वतः नेला. मामींनी घोट घेतला, एक शेवई चावली, पुन्हा एक घोट घेतला. मामा त्यांच्या ओठांकडं बघत होते. मी मनातल्या मनात ते दोन शब्द ऐकायची तयारी केली.

"खारट झालंय," मामी म्हणाल्या.

मामांच्या कामात खोट काढलेला माणूस मी तोवर बघितला नव्हता. मी दाराकडं सरकलो.

"काय म्हणालीस?" मामांनी विचारलं.

"खारट केलासा म्हणते. आणि सुकट धुऊन घेतली न्हाईसा, दाताखाली कचकचतीय. बहिरं झालासा काय?"

असं म्हणून त्या वाडगा घेऊन कॉटवरून उतरल्या आणि भिंतीच्या आधारानं स्वयंपाकघरात गेल्या. कढत पाणी घालून, लिंबू पिळून, सगळं मनासारखं करून घेऊन त्यांनी ओट्याशी उभ्या उभ्याच वाडगा संपवला. मामा दारात उभे होते. हातांना पीठ लागलेलं होतं, त्यामुळं त्यांना डोळे पुसता येईनात.

त्यानंतर मामी चार वर्षं होत्या. त्या चार वर्षांत मामांनी त्यांना कायकाय करून घातलं याची गणती नाही, आणि प्रत्येक गोष्टीत त्यांनी काही ना काही खोट काढली. मामा आता थकलेत. कुणी घरी आलं की मोजायचं सोडून बोलत बसतात, आणि बोलता बोलता मामींच्या विषयावर येतात. एखाद्याला पदक मिळावं आणि ते त्यानं आपण होऊन दाखवावं, तसं मग सांगतात, "चार वर्सं करून घातलं, पावणं. एकदाबी चांगलं म्हणाली न्हाय."