तीन बोर्ड आणि एक तारा

इकडे हिंदी मुलखात, उरल्याच्या कारखान्यात मी जन्मभर विजेचं काम केलं, आणि नाताळात माझ्याच फाटकावरचा कागदी तारा मला पेटवता आला नाही.

सुरुवात जेवताना झाली. आमची मुलगी रोशनी (नाव मीच ठेवलं, काय बोलणार!) कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देते. येत्या रविवारी चर्चमध्ये तिचं दृढीकरण होतं, म्हणजे सगळ्या मंडळीसमोर उभं राहून ‘माझा विश्वास आहे’ असं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. सासूबाई त्यासाठी नागपूरहून येणार होत्या.

"पापा, हर चीज़ का कोई कारण होता है ना?"

"होते ना बेटा!"

"तो भगवान का कारण कौन?"

"असं इचारत नसतात!"

"फिर मैं संडे को खड़ी नहीं होऊँगी. जो समझा ही नहीं, वो बोलूँ कैसे?"

"सांगा ना आता," बायको, सुनंदा, म्हणाली. "एरवी तर साऱ्या मोहल्ल्याले शिकवून राहता!"

आता गप्प बसलो तर इज्जत जाणार! सुचलं ते ठोकून दिलं. "हे पाह्य, हा त्याच्यापासून घेते, तो दुसऱ्यापासून, दुसरा तिसऱ्यापासून. असंच चालून राहते."

"और देना शुरू किसने किया?"

"कोणीच नाही! गोल फिरते ते!"

"म्हणजे देव बी दुसऱ्याच्या भरवशावर?" सुनंदानं विचारलं. रोशनी ताट उचलून निघून गेली. पोट्टी जिद्दी आहे, म्हणाली तसं करणार, हे मला माहीत होतं. त्या रात्री मला खरंच भीती वाटली.

दुसऱ्या संध्याकाळी पास्टर साहेब घरोघरी नाताळची गाणी म्हणणाऱ्या कॅरलवाल्यांना घेऊन येणार होते. म्हटलं, देवाचं नंतर पाहू, निदान तारा तरी झकास पेटवू! फाटकाजवळचा पॉइंट पावसाळ्यातच मेला होता, म्हणून करंट घरातून न्यायचा होता. एक आमचा, एक कूलरचा आणि एक शेजारच्या साहू भाभींचा, असे तीन एक्स्टेन्शन बोर्ड मी गोळा केले. व्हरांड्यात सुनंदानं गव्हाणीचा देखावा मांडला होता: तणस, मेंढ्या, आणि गाय मिळाली नाही म्हणून पोळ्याचा मातीचा बैल. बोर्ड दिसले तर देखाव्याची शोभा जाईल (असं मीच ठरवलं), म्हणून पालथा पडून तणसाखाली हात घातला आणि सगळे प्लग न बघताच जोडून टाकले.

"अहो, पाहून तर लावा!"

"मले पाहा लागत नाही. हात ओळखते माझा!"

बटण दाबलं. ताऱ्यात अंधार!

"लाईट गेली," मी म्हणालो.

"साहू भाभीकडे टीव्ही सुरू आहे."

बल्ब बदलला. नवा बल्बही बदलला. मग ताऱ्याच्या पोटात हात घालून होल्डर तपासला, तेव्हा तारा एका बाजूनं टर्रकन फाटला. शेवटी मी घराचा फ्यूजच उपसला. सगळीकडे काळोख झाला आणि नेमके त्याच वेळी कॅरलवाले फाटकात! आमच्या मेलेल्या ताऱ्याखाली उभे राहून त्यांनी चमकणाऱ्या ताऱ्याचं गाणं पुरं म्हटलं.

"जय मसीह!" पास्टर साहेब म्हणाले. तेही आमच्याच विदर्भातले. "तारा काहून बंद ठेवला?"

फ्यूज परत बसवला. घर उजळलं, तारा नाही! मी डुप्लिकेट वायरींवर भाषण सुरू केलं. तोवर रोशनीनं मोबाइलचा टॉर्च लावला, बैल बाजूला सरकवला आणि तणस उचललं.

"तारा इस बोर्ड से ले रहा है. ये दूसरे से. दूसरा तीसरे से. और तीसरा... पापा, तीसरा तो पहले में ही लगा है!"

कॅरलवाल्यांतला गिटारवाला वाकून पाहायला लागला.

"गोल फिरते," सुनंदा हळूच म्हणाली.

"तीनों एक-दूसरे से माँग रहे हैं, और है किसी के पास नहीं!" रोशनी पोट धरून हसायला लागली. मग एकदम थांबली. तिसऱ्याचा प्लग काढून तिनं भिंतीत खोचला. तारा पेटला. फाटलेल्या बाजूचा सगळा उजेड माझ्याच तोंडावर पडला.

"पास्टर जी, बोर्ड कितने भी जोड़ो, कोई एक तो चाहिए जिसे किसी से लेना ही न पड़े?"

"हव! जे सुरू झालं, त्याले कारण लागते. देव कधी सुरूच नाही झाला. तो आहेच. त्याले कोण देईल?"

"पर दीवार को तो बिजलीघर देता है!"

"म्हणूनच भिंत देव नाही," पास्टर साहेबांनी फराळाच्या ताटातली करंजी उचलली.

रविवारी रोशनी उभी राहिली. आवाज खणखणीत! माझे डोळे भरून आले. पण पुसायला रुमाल काढतो तोच पास्टर साहेबांनी उपदेशात तीन बोर्डांची गोष्ट सुरू केली. नाव घेतलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहून हसले. मग अख्खं चर्च मागे वळलं.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "पण एवढा घोळ झाला कायच्यानं वं?"

सुनंदानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"अन् ह्यांच्या मागं कोण होतं?"

"ह्यांच्या मागं कोणी नसते आई," सुनंदा म्हणाली. "आमच्या घरचा हरेक घोळ ह्यांच्यापासूनच सुरू होते. ह्यांले कारण लागत नाही!"