आत्याचा स्टर्लिंगमधला मुक्काम

संध्याकाळी आश्रमशाळेतला स्वयंपाक आटोपला की जानकीआत्या जव्हारच्या एसटी स्टँडवर एक फेरी मारून यायची. मोखाड्याची शेवटची गाडी चुकलेलं कुणी बाकावर दिसलं, की त्याची पिशवी उचलायची आणि म्हणायची, "चल. पाठ टेकायला जागा हाय." तिच्या दोन खोल्यांत असे किती जण राहून गेले असतील! भाकरी, उडदाचं पिठलं आणि अंथरायला गोधडी. कुणी आभार मानू लागलं की वैतागायची. "त्यात काय? रात्र काय, निघून जाती. माणूस उघड्यावर राहिला, त्येच ध्यानात राहतं."

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. मोखाड्याकडच्या पोशेऱ्याला दिलेली, नवरा गेल्यावर जव्हारला आली आणि कामाला लागली. पाचवीपासून मी तिच्याकडेच शिकले. नर्स होऊन स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला नोकरीला लागले, तेव्हा एका उन्हाळ्यात हट्टाने तिला बोलावून घेतलं.

रजा काढून तिला स्टर्लिंग हे जुनं गाव दाखवायला नेलं. उंच कड्यावरचा किल्ला, खाली उतरत जाणारा दगडी रस्ता. आत्या गुडघ्यावर हात ठेवून सगळा चढ चढली. वर पोचल्यावर म्हणाली, "थोर हाय. पर आपला जव्हारचा राजवाडा बरा, झाडीत हाय."

मुक्कामासाठी ठरवलेल्या घराच्या मालकाने आयत्या वेळी नाही म्हणून कळवलं. त्यात विद्यापीठाचा पदवीदान समारंभ, सगळं गाव पाहुण्यांनी भरलेलं. पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या घरांच्या बेल वाजवत मी दारोदार फिरले. आत्या मात्र एका घरापुढच्या कठड्यावर निवांत बसली. "गाव हाय ना? मग कुणीतरी घरात घेईल."

त्याच घरातल्या बाईंनी, मॉरागनी, मघाशी जागा नाही म्हणून दार लावलं होतं. लुगड्यावर स्वेटर घालून गुडघे चोळत बसलेली आत्या त्यांना खिडकीतून दिसली असावी. त्या बाहेर आल्या. म्हणाल्या, "एक खोली आहे. पण ती मी कुणाला देत नाही." आणि थोडं थांबून किल्ली आणायला आत गेल्या.

खोलीत एका मुलाचे कपडे खुंटीला होते, बूट पुसून ठेवलेले.

सकाळी नाश्त्याला बसलो, तेव्हा आत्याने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. मॉराग म्हणाल्या, मुलगा. मोटरसायकलच्या अपघातात गेला. मी आत्याला सांगितलं. तिने कप खाली ठेवला आणि मॉरागकडे बघत आपल्या बोलीतच बोलायला लागली.

"माझी पण एक व्हती. पोशेऱ्याला. नुकती चालाया लागली व्हती. पावसात ताप आला. नदी भरून वाहत व्हती, दवाखान्यात नेता आलं नाय. मांडीवरच गेली."

इतकी वर्षं एका घरात काढली, आत्याला मूल झालं होतं हेच मला माहीत नव्हतं. ती काय म्हणते, असं मॉरागनी विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर आत्या म्हणाली, "नको सांगू पोरी. तिला समजलं." खरंच, मॉरागनी तिचा हात हातात घेतला होता.

परतीच्या गाडीत आत्या खिडकीबाहेर बघत राहिली. ती जव्हारला परतल्यावर मग धीर करून फोनवर विचारलं, "आत्या, तिचं नाव काय होतं गं?"

ती म्हणाली, "फोनवर नको. तू घरी आली की सांगीन."

पुढच्या वर्षी जायचं ठरलं होतं. त्याआधीच, भाताची कापणी चालू असताना, आत्या झोपेतच गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्या मुलीचं नाव विचारायला पोशेऱ्याला जाऊन आले. सासरचं जुनं कुणी उरलेलं नाही. शेवटी वडिलांना विचारलं. ती पोर गेली तेव्हा ते इतके लहान, की शाळेतही जात नव्हते. बराच वेळ आठवत बसले.

"छबी म्हणायचे तिला," ते म्हणाले. मग मान हलवली. "पण तेव्हा सगळ्याच लहान पोरींना छबी म्हणायचे."