एका माणसापुरती आमटी

आज विजय नगरात ठेल्यावाल्याने पोह्यांवर जिरावण भुरभुरलं आणि त्या मसाल्याच्या वासासरशी मी थेट तीस वर्षं मागे, माहेरच्या बैठकीत! सांगलीहून इथे पोलोग्राउंडच्या कारखान्यात नोकरीला आलेला एक इंजिनिअर मला बघायला आला होता. हो म्हणायचं की नाही, ते आईने माझ्यावर सोडलं होतं. म्हणून मी त्याच्या हातात एक छोटीशी कथा ठेवली. तिच्यात परगावी राहणारा मुलगा आईला लिहितो, "मी मजेत आहे, मित्र खूप आहेत. एका माणसापुरती आमटी कशी करायची?"

"कसा आहे हा कथेतला मुलगा?" मी त्याला विचारलं.

"अगं, पोहे तर खाऊ दे त्यांना!" आई कुजबुजली.

मामा खो खो हसला. "भिया, इधर तो पेपर निकल आया!"

पाहुण्याने कागद खाली ठेवला. "एकटा आहे. मित्र असते तर एकट्यापुरती कशाला केली असती?"

काय हुशार माणूस! मी आत जाऊन होकार सांगून टाकला.

हुशार कसला! लग्नानंतर त्याच्या खोलीवर गेले, तर तिथे एक ताट, एक वाटी आणि एवढंसं पातेलं.