एकट्या बाईला खोली नाही, भुताला आहे

मे महिन्यात जालना जिल्हा बघायला निघालेल्या माणसाला डॉक्टरकडे न्यावं, असं आमच्या शाळेत शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांचं मत पडलं. लोक मेमध्ये महाबळेश्वरला जातात, अगदीच काही नाही तर माहेरी जातात. नव्या जालन्यात राहणारी, आठवी-नववीला गणित शिकवणारी मी मात्र लेकीला घेऊन भोकरदनला निघाले होते. तेही तिथल्या भुताच्या लॉजवर मुक्काम करायला.

कारण सांगते. ऋतुजाची दहावीची परीक्षा संपली होती. निकाल लागला की अकरावीला औरंगाबादला हॉस्टेलवर राहायचं, हे दिवाळीपासून ठरलेलं. आणि एप्रिलमध्ये एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून पोरगी म्हणाली, "मी नाही जाणार. त्या हॉस्टेलात भूत आहे." दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी रडते म्हणे. दिसत नाही, नुसती रडते. मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. उलट ती संध्याकाळी गच्चीवर कपडे आणायलाही एकटी जाईना. मग ठरवलं, पोहायला शिकवताना पाण्यात ढकलतात तसं करायचं. आपल्या जिल्ह्यात भुताच्या खोल्यांना तोटा नाही. स्टाफरूममध्ये नुसतं विचारलं, तर मधली सुट्टी संपेपर्यंत तीन मुक्काम ठरले. गणिताला कुणी इतक्या उत्साहानं मदत करत नाही.

ऋतुजाच्या पप्पांचं जुन्या जालन्यात बियाण्यांचं दुकान आहे. मे म्हणजे त्यांचा सीझन, त्यामुळे ते येणं शक्य नव्हतं. "दोघीच? आन् गाडी कोण चालवणार?" त्यांनी विचारलं. लायसन्स माझ्याकडे दोन वर्षांपासून होतं, पण आमच्या मारुती आठशेला माझा हात फक्त पुसायला लागायचा. "मी चालवणार," म्हटलं. त्यांनी टायरमधली हवा स्वतः जाऊन तपासून आणली.

पहिल्या दिवशी राजूरच्या गणपतीला नमस्कार करून भोकरदन. रस्त्याचं काम चालू होतं, म्हणजे कडेला खडीचे ढीग होते आणि ढिगांवर शेळ्या बसल्या होत्या. तुम्ही जाणार असाल तर सकाळी सातच्या आत निघा. नऊनंतर स्टिअरिंगला हात लावता येत नाही आणि वाटेत सावलीला झाड शोधावं लागतं.

लॉजच्या मॅनेजरनं आमच्याकडे पाहिलं, आमच्या मागे पाहिलं, मग बाहेर गाडीत पाहिलं.

"सोबत जेंट्स कोण हाय?"

"कोणी नाही."

"मंग खोली न्हाई. एकट्या बाईला देत न्हाई आम्ही. नियम हाय."

"एकटी कुठं? दोघी आहोत."

"मंग दोन एकट्या झाल्या," तो शांतपणे म्हणाला.

एवढं बिनचूक गणित माझ्या वर्गात कोणी केलं नव्हतं. मी म्हटलं, "तुमची ती पाच नंबरची खोली द्या. भुताची."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तिथं एक फिरतीवरचा मानूस वारला. तव्हापासून पंखा आपोआप फिरतो. गावातलं कोणी राहत न्हाई."

"चालेल."

तो थोडा वेळ कान खाजवत राहिला. मग म्हणाला, "ती देता येईल. तिला नियम लागू न्हाई."

तर मैत्रिणींनो, ही नोंद करून ठेवा. भोकरदनात नवरा सोबत नसला तर भूत सोबत घ्यावं लागतं. दीडशे रुपयांत मिळतं.

खोली उघडली आणि मी चाटच पडले. अख्ख्या लॉजमध्ये कूलर असलेली ती एकच खोली होती. चादर धुतलेली, उशीला खोबरेल तेलाचा वास, टेबलावर त्याच दिवशीचा पेपर, शब्दकोडं अर्धं सोडवलेलं. आम्ही बॅगा ठेवतोय तोच लाइट गेली. भारनियमनामुळे त्याचं कोणाला काही वाटत नाही. आम्ही घामानं निथळत बसून राहिलो. दिवेलागणीला अचानक पंखा फिरायला लागला आणि ऋतुजानं किंकाळी फोडून माझ्या गळ्याला मिठी मारली. तिचं काळीज धडधडत होतं ते मला माझ्या खांद्यावर कळत होतं. त्या क्षणी वाटलं, आपण मूर्खपणा केला, पोरीला घेऊन घरी जावं.

मग तिची मान हळूच वर झाली. "आई, बटन चालूच होतं."

तिनं ते बंद केलं. पंखा थांबला. चालू केलं. फिरला. असं तिनं पाच-सहा वेळा केलं, दरवेळी आधीपेक्षा जोरात बटन दाबून. तेवढ्यात मॅनेजर दारात आला. "दिसलं का काही?"

"हो काका," ऋतुजा म्हणाली. "तुमच्या चपला दिसल्या, कॉटखाली. आणि आठ आडवं तुम्ही चुकवलंय."

रोज दुपारी तिथं कोण झोपत होतं, ते विचारावं लागलं नाही.

दुसरा मुक्काम एका तालुक्याच्या सरकारी विश्रामगृहात. तालुक्याचं नाव सांगत नाही, लोकांच्या नोकऱ्या आहेत. शाळेतल्या एका बाईंच्या मिस्टरांनी फोन केला म्हणून खोली मिळाली. तिथला वॉचमन भला माणूस. आल्या आल्या माठातलं पाणी दिलं आणि म्हणाला, "मॅडम, कुठं बी राहा, पर दोन नंबरच्या सूटकडं जाऊ नका. तिथं बाई फिरती, पांढऱ्या लुगड्यातली. साहेब लोक बी राहत न्हाईत."

आदल्या दिवशीच्या विजयानं ऋतुजा फुगलेली होती. भर दुपारी ती मागच्या बाजूला जाऊन त्या सूटच्या खिडकीतून डोकावली आणि पळत परत आली. ओठ पांढरे. "आई, आहे. खरंच आहे. हलतंय."

मी गेले. फुटक्या काचेतून आत पाहिलं, तर छतापर्यंत काहीतरी पांढरंफेक, आणि वाऱ्यानं त्याचा वरचा भाग हळूहळू हलत होता. मी देवीचं नाव घेतलं. इतक्यात वाऱ्याचा झोत आला आणि त्या बाईचा एक तुकडा उडून माझ्या केसांत अडकला. काढून बघितला. कापूस.

मंत्र्यासंत्र्यांसाठी बांधलेला तो सूट जमिनीपासून छतापर्यंत कापसानं भरला होता. पलंग कापसाखाली, आरसा कापसाखाली.

"कुणाचा?" मी वॉचमनला विचारलं.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "साहेबांचा."

"सरकारी खोलीत?"

"भाव न्हाई ना मॅडम सध्या. घरी जागा पुरंना. भाव आला की बाई जाती," तो म्हणाला आणि आमच्यासाठी भाकरी सांगायला निघून गेला.

जेवण मात्र सुरेख होतं. ज्वारीची गरम भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, ठेचा. व्हरांड्यात जेवता जेवता ऋतुजा म्हणाली, "आई, म्हणजे भूत कुणाचं ना कुणाचं काम करत असतं. त्या मॅनेजरचं झोपायचं काम, इथं कापसाचं. मग हॉस्टेलातल्या भुताचं काय काम असेल?"

"तुला त्याचं कोणी सांगितलं?" मी सहज विचारलं. मला वाटलं, एखादी मैत्रीण असेल.

ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. "पप्पांनी. म्हणाले, आईला बोलू नको, तिला टेन्शन येतं."

दिवाळीपासून हा माणूस मला सांगत होता, "शिक्षणाचं तू बघ, मला त्यातलं काय कळतं?" हॉस्टेल बघायला सोबत आला होता. दुसऱ्या मजल्यावर खिडक्या मोठ्या आहेत, हवा चांगली येते, असंही म्हणाला होता. आणि घरी येऊन त्यानं त्याच मजल्यावर एक मुलगी रडायला बसवली. तोंडानं नाही म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून भूत कामाला लावलं. भोकरदनचा मॅनेजर निदान कूलरसाठी तरी खोटं बोलत होता.

थोड्या वेळानं पप्पांचाच फोन आला. "जेवल्या का?"

"जेवलो," मी म्हटलं. त्याहून जास्त बोलले असते तर ते फोनवर बोलण्यासारखं झालं नसतं.

तिसऱ्या दिवशी अंबडला मत्स्योदरीच्या टेकडीवर दर्शन घेतलं. पायऱ्या दहाच्या आत चढून घ्या, नंतर तळपाय भाजतात. पुढे घनसावंगीवरून परतूर. वाटेत मोसंबीचा रस प्यायला थांबलो. गाडीत ऋतुजानं विचारलं, "तुम्ही दोघं भांडणार का आता?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

परतूरला स्टेशनजवळचा लॉज शकुताईंचा. वय पन्नाशीचं, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. त्यांनी आमच्या मागं कोणी आहे का ते बघितलं नाही. "उन्हाच्या आल्या, आधी हातपाय धुवा," म्हणाल्या. आम्ही भुताचं विचारल्यावर पदराला हात पुसत म्हणाल्या, "हाय ना. वरच्या मजल्यावर. आमचे हे."

नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. लॉज त्याच्या नावावर, म्हणजे आता शकुताईंच्या. दिरांना तो हवा होता. बाईमाणसानं लॉज चालवणं शोभत नाही, असं सांगून झालं. त्या ऐकेनात म्हटल्यावर दिरांनी गावभर उठवलं की भाऊ वर फिरतो, गिऱ्हाइकाच्या छातीवर बसतो.

"मंग गिऱ्हाईक तुटलं?" मी विचारलं. मीही त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते.

"पत्ते कुटणारे तुटले, दारुडे तुटले. बिलकुल बंद. मंग नर्सबाया यायला लागल्या, परीक्षेला आलेल्या पोरी, तुमच्यासारख्या मास्तरणी. त्यांना कुठं खोली भेटत न्हाई आन् इथं रात्री दार वाजवायला कोणी येत न्हाई. मला तर परवडलं." त्यांनी आवाज खाली आणला. "आता लोक इसरायला लागले की मीच वर जाऊन पितळेची परात पाडते."

ऋतुजा हसून हसून खुर्चीवरून घसरली. मग डोळे पुसत तिनं विचारलं, "मावशी, तुम्हाला कधी भीती नाही वाटली?"

"वाटली ना. भुताची न्हाई. दीर कागद घेऊन आल्ते, सही करा म्हणून. चार मानसं सोबत. तव्हा हात कापून राह्यले होते माझे."

"मग?"

"म्हटलं, थांबा, ह्यांना इचारते. वर गेले, परात पाडली, खाली आले. म्हटलं, ते नको म्हंतात."

ऋतुजा उठली आणि न सांगता शकुताईंसोबत भाजी निवडायला बसली. त्या रात्री ती वरच्या मजल्यावर एकटी झोपली. मी मागितली असती तरी तिनं मला जागा दिली नसती.

दुसऱ्या दिवशी वाटूर फाट्यावरून दुपारी जालन्यात आलो. जेवणं झाली, तशी ऋतुजानं विचारलं, "पप्पा, हॉस्टेलात कोण रडतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटं उचलली नाहीत. मी या क्षणासाठी दोन दिवस वाक्यं जुळवली होती, पण प्रश्न तिचा होता.

"दुकानात कोणीतरी बोललं होतं..."

"पप्पा, मी जायला नको का तुम्हाला?"

दिवसातून दहा गिऱ्हाइकांशी वाद घालणारा माणूस ताटातली शितं गोळा करत बसला. शेवटी म्हणाला, "तू गेल्यावर मी घरात बोलायचं कोणाशी?"

मी समोरच बसले होते.

ऋतुजानं माझ्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आईशी बोला."

आता जुलै संपत आलाय. ऋतुजा हॉस्टेलवर आहे, दुसऱ्याच मजल्यावर. पोचवायला पप्पाही आले होते. परत येताना गाडी मी चालवली, कारण त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं. रडणारी मुलगी तिथं नाही, सकाळी बाथरूमला रांग मात्र असते. परवाच्या फोनवर कळलं की शेवटच्या बाथरूममध्ये आजकाल कोणीतरी बांगड्या वाजवतं, त्यामुळे तिथं गर्दी नसते आणि ऋतुजाची आंघोळ वेळेवर होते. मी रागावणार होते. पण शकुताईंची परात आठवली.

घरी पहिले काही दिवस आम्ही दोघं फक्त सोयाबीनच्या वाणांवर बोललो. उगवण कशी आहे, पाऊस किती झाला. मग एका संध्याकाळी मी भाजी परतत होते आणि ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "भोकरदनच्या रस्त्याला गाडी चालवताना तुला भीती वाटली का?" त्यांनी विचारलं.

लग्नाला सतरा वर्षं झाली. मला भीती वाटते का, असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. मी गॅस बंद केला आणि बसले. सांगायला वेळ लागणार होता.