नथू मुकादमाचं एकमत

टोकावड्याच्या नथू मुकादमाला मत नव्हतं असं नाही. समोरचा काय म्हणतो ते ऐकल्याशिवाय ते तोंडाबाहेर पडत नसे, एवढंच. पाटील म्हणाले "ऊन फार," की नथू पंच्याने घाम पुसायचा. तेवढ्यात मामलेदार म्हणाले "गारठा आहे," की त्याच ओल्या पंच्याने कान बांधायचा.

दिवाळी झाली की कातकरीवाडीतली सगळी माणसं तो रानात, कोळशाच्या भट्ट्यांवर न्यायचा. बासष्टच्या हिवाळ्यात तालुक्यात देवीची साथ आली, तेव्हा भट्टीवरच्या बाईजाने त्याला गाठलं.

"मुकादम, टोचणाऱ्याला हितं धाडा. माझी यमू लहान हाय."

"धाडतो गो! उद्या मुरबाडला बैठक हाय. जाणकार म्हणून मलाच बोलावलंय."

लस वाडीपर्यंत कशी पोचवावी, हे ठरवायला मुंबईच्या डॉक्टरांनी सहा जाणकार बसवले होते. रीत नवी होती. भांडण नाही, भाषण नाही. चिठ्ठीवर उपाय लिहायचा, नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या वाचून झाल्या की पुन्हा लिहायचं, एकमत होईपर्यंत.

नथूने लिहिलं, 'भट्टीवर जाऊन टोचा.' आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तोंड न बघता.

डॉक्टरांनी वाचलं, "पाच जण म्हणतात, वाडीत दवंडी द्या. एक म्हणतो, भट्टी. त्याचं काही कारण असेल तर आता खाली लिहा."

दिवाळीनंतर वाडीत माणूस नसतं, एवढंच लिहायचं होतं. कुणी लिहिलं, ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. तरी नथूचे कान तापले. पाच जण एकीकडे आणि आपण एकटे! हात आडवा धरून त्याने लिहिलं, 'दवंडी.'

"वा, एकमत!" डॉक्टर म्हणाले. सगळ्यात जोरात टाळ्या नथूच्याच.

दवंडी दणक्यात झाली. झोपड्यांच्या दारांना काट्याकुट्या लावलेल्या, ऐकायला कोंबडीसुद्धा नाही. "लोक अडाणी, येतच नाहीत," म्हणत टोचणारा परत गेला.

पुढच्याच महिन्यात यमूला देवी आल्या. पोर जगली, पण डोळे गेले.

नथू भट्टीवर आला तेव्हा बायका कोळसा उपसत होत्या. "बाईजे, सहा जणांनी ठरवलं. मी एकटा काय करणार?"

"तुमी काय बोललात?"

"सगळे बोलले त्येच."

"वाडी रिकामी हाय, ह्ये त्या सहांत कुणाला ठावं होतं, मुकादम?"

नथूने एका बाईकडे पाहिलं, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. कुणीच काही बोललं नाही, म्हणून तोही बोलला नाही.