प्रसेनजीत डॉक्टर कायम कसे झाले

शिवाजी पेठेत फुटबॉल खेळणाऱ्या निम्म्या पोरांच्या भुवईवर प्रसेनजीत डॉक्टरांचा टाका आहे. डॉक्टर मूळचे मुरगूडचे, शेवंताबाईंचे चिरंजीव. पेठेत भाड्याच्या खोलीत राहतात. एम.एस. झालेला सर्जन माणूस, पण एका ट्रस्टच्या दवाखान्यात सीनियर रेसिडेंट. म्हणजे शिकाऊ आणि तात्पुरता. वर्षभर राहून पुढं जायची ही जागा. डॉक्टर तिथं लोणच्यासारखे मुरले.

दर काही महिन्यांनी नेमणुकीची ऑर्डर संपायची. मग एक दिवस 'ब्रेक'. त्या दिवशी डॉक्टरांनी सुरीला हात लावायचा नाही, कारण ते तिथले कुणीच नाहीत. दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर, की तेच हात पुन्हा कुणाच्या तरी आतड्यात. रात्री विद्या जाते आणि सकाळी परत येते, असं ट्रस्टचं वैद्यकशास्त्र. माणूस कधी कायम होऊ नये म्हणून काढलेली ही पळवाट, हे कळायला वकील लागत नाही.

विभागप्रमुख अमरसिंह साहेब प्रत्येक ब्रेकला खांद्यावर हात ठेवायचे. "पुढची जागा तुझीच." जागा निघाल्या. एकीवर ट्रस्टींचा भाचा बसला, दुसरीवर जावई. ऑपरेशन करायचं डॉक्टरांनी आणि बाहेर येऊन नातेवाइकांचे नमस्कार घ्यायचे साहेबांनी, ही वाटणी मात्र कायम होती.

यंदा सहायक प्राध्यापकाची जागा निघाली. ही हुकली तर कोल्हापूर सोडायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. तालमीच्या गुंडूदाला ते एवढंच बोलले, "मुलाखतीला बोलावलंय." गुंडूदाच्या हिशेबी बोलावलं म्हणजे झालंच. आणि पेठेत झालं म्हणजे फ्लेक्स.

मुलाखतीच्या सकाळी दवाखान्याच्या गेटवर फ्लेक्स झळकला. 'आमच्या डॉक्टरांना कायम केल्याबद्दल साहेबांचे जाहीर आभार!' मधोमध गॉगल लावलेले साहेब, मागं वाघ, आणि साहेबांच्या कोपराखाली तिकिटाएवढे प्रसेनजीत.

डॉक्टर धावत गेटवर आले. "गुंडूदा, मुलाखत अजून व्हायची हाय. काढा ते. साहेब मला उभा जाळतील."

"व्हायची हाय?" गुंडूदानं डोकं खाजवलं. "आता कसं काढायचं? साहेबांचा फोटो हाय की त्यावर. फाडला तर अपमान त्यांचाच."

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. काच खाली झाली. साहेब बराच वेळ स्वतःकडं बघत राहिले. गेटवरच्या एका म्हाताऱ्या पावण्यानं हात जोडले. "साहेब, गरिबाच्या पोराला कायम केलासा, लई पुण्याचं काम केलासा."

साहेब गाडीतून उतरले. पावण्याचा नमस्कार त्यांनी घेतला. सवयच ती.

मुलाखतीत शस्त्रक्रियेचा एकही प्रश्न निघाला नाही. ट्रस्टींच्या पुतण्याचं, विश्वजितचं नाव वर होतं. साहेबांनी डॉक्टरांना विचारलं, "तो बोर्ड तुझ्या माणसांनी लावला?"

"व्हय सर. चूक झाली. आत्ता काढायला लावतो."

"नको. फोटो कुठनं मिळवला?"

"गुंडूदाला ठाऊक."

"बरा आलाय," साहेब म्हणाले, आणि ट्रस्टींकडं वळले. "आता गावभर झालंय. मी तोंड कुठं दाखवू?"

संध्याकाळी ऑर्डर निघाली. कायम. इतकी वर्षं कापलेली पोटं कुणाला दिसली नाहीत, फ्लेक्स गेटवरनं दिसला. आम्ही दवाखान्याच्या युनियननं मोर्चे काढले, निवेदनं दिली, साहेबांच्या केबिनबाहेर घसा फोडला. आमच्याकडं फ्लेक्सवरचा तो वाघ तेवढा कमी पडला.

पेढे घेऊन शेवंताबाई मुरगूडहून आल्या. फ्लेक्समध्ये पोरगं शोधायला त्यांना वेळ लागला.

"काम तू केलास, आन थोबाड ह्येंचं?"

"आई, त्येंचं थोबाड हाय म्हणून तर मी राहिलो."

"मग हे उतरल्यावर मला दे. कापड जाड हाय."

गुंडूदानं दिलं. सध्या मुरगुडात शेवंताबाईंच्या शेळ्यांवर साहेब गॉगलसकट छत्र धरून आहेत. विश्वजितला तात्पुरतं लावून घेतलंय. त्याला ब्रेक नाही.